आजोबा जाणार, आजोबा जायलेत, आजोबा गेले

माझे सासरे सोमवारी जाणार होते, मंगळवारी जात होते आणि बुधवारी गेले. तिन्ही गोष्टी मी आखलेल्या वेळापत्रकानुसार, सकाळी साडेसहा ते सव्वासात या वेळेतच झाल्या. वेळापत्रक पाळलं गेलं की मला एरवी आनंद होतो. त्या आठवड्यात झाला नाही.

मी पूर्णेला राहते आणि एका शाळेत पाचवी-सहावीला इंग्रजी शिकवते. मला याद्या करायची सवय आहे. किराण्याची यादी, दुरुस्त करायच्या वस्तूंची यादी, कोणाकडे कोणता डबा गेला आहे याची यादी, आणि कोणत्या याद्या करायच्या राहिल्या आहेत त्यांची एक यादी. (आमचे हे सांगत फिरतात की लग्नाच्या दिवशीही माझ्या हातात कागद होता. साफ खोटं. कागद आईच्या हातात होता, मी फक्त टिक करत होते.)

गेल्या हिवाळ्यात आमच्या गल्लीतल्या अकरा मुलांचं इंग्रजी पक्कं करायचं मी मनावर घेतलं. शाळेच्या आधी, आमच्या अंगणात, फळा पेरूच्या झाडाला टेकवून. पहिल्या आठवड्यात आहे आणि होता शिकवलं. मी सोपी व्याख्या केली होती: "इज म्हणजे आहे. वॉज म्हणजे होता, आता नाही." आणि वेअर म्हणजे तेच, फक्त अनेकांना. मुलांनी ते दहा वेळा म्हटलं. आत खिडकीजवळच्या बाजेवर बसून माझे सासरे, अण्णा, तेही ऐकत असत. अण्णा रेल्वेत पॉइंट्समन होते, गाड्यांचे रूळ बदलायचं काम. शिक्षण सातवी. पण ऐकलेलं विसरत नाहीत. हे त्यांच्याबद्दल मला माहीत होतं, फक्त कोणत्याच यादीत लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात काळ घ्यायचे होते. पुस्तकात आधी वर्तमान, मग भूत, मग भविष्य असा क्रम असतो. मला तो पटत नाही. कोणतीही गोष्ट आधी होणार असते, मग होत असते, मग होते. म्हणून मी क्रम सुधारला. सोमवारी भविष्य, मंगळवारी चालू वर्तमान, बुधवारी भूत. क्रियापद घेतलं गो, कारण ते मुलांना फार छळतं. आणि उदाहरण घेतलं डोळ्यांसमोरचं: आमचे अण्णा रोज पावणेसातला काठी घेऊन स्टेशनवर चहाला जातात. ग्रँडफादर विल गो टू द स्टेशन.

पण 'टू द स्टेशन'पाशी मुलं अडखळत होती. त्यात वेळ जात होता. मी तेवढा भाग पुसून टाकला.

आता अकरा मुलं एकदम म्हणतात तेव्हा काय होतं, हे शिकवणाऱ्यांना ठाऊक आहे. इंग्रजी वाक्य ती ओठांतल्या ओठांत म्हणतात, म्हणजे चूक कोणाची ते कळत नाही. मराठी अर्थ मात्र छाती भरून म्हणतात. त्यात तो आठवडा धुक्याचा होता. नदीकडून आलेलं धुकं गल्लीत असं भरलं होतं की आमच्या फाटकातून समोरचं घर दिसत नव्हतं. सगळ्यांची दारं बंद, रस्ता मुका, आणि त्या पांढऱ्या अंधारातून अकरा कोवळे आवाज एका सुरात:

"आजोबा जाणार. आजोबा जाणार. आजोबा जाणार."

सोमवारी संध्याकाळी शेजारच्या लक्ष्मीबाई वाटीभर मऊ खिचडी घेऊन आल्या. एरवी त्या दारातून हाक मारून येतात. त्या दिवशी चपला काढून, पाय न वाजवता आल्या.

"अण्णाला चालतंय ना तूप?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"त्यांना सगळं चालतं."

"खाऊ द्या, माय. आता कशाचं परहेज."

आणि माझ्या पाठीवरून हात फिरवून गेल्या. मी वाटीची नोंद केली (लक्ष्मीबाई, स्टील, एक) आणि विसरून गेले.

मंगळवारी मुलांनी चालू वर्तमानकाळ म्हटला. मी फळ्यावर "आजोबा जात आहेत" असं लिहिलं होतं. मुलांनी ते वाचलं आणि आपल्या बोलीत करून घेतलं: "आजोबा जायलेत. आजोबा जायलेत." मी सुधारायला गेले नाही. अर्थ कळण्याशी मतलब. समोरून अण्णा खरंच मफलर गुंडाळून जात होते, प्रात्यक्षिकासह धडा चालू होता. मला स्वतःचं कौतुक वाटत होतं.

त्या दिवशी मी शाळेतून परतले तर गल्लीला काहीतरी झालं होतं. कोपऱ्यावरच्या गिरणीवाल्याचं दिवसभर वाजणारं गाणं बंद. पोरांचं क्रिकेट बंद. मोटारसायकली आमच्या घरासमोरून ढकलत नेल्या जात होत्या. मी जवळ आले की बोलणं थांबायचं आणि माणसं माझ्याकडे अशी बघायची की मी दोनदा साडीची पिन तपासली. गल्लीतला तांबडा कुत्रा आमच्या फाटकासमोर बसून होता. तो कधीच आमच्याकडे बसत नाही, आमच्याकडे त्याला काही मिळत नाही.

अंगणात अण्णांसमोर दिगंबरराव उभे होते. समोरच्या घरातले, अण्णांसोबत रेल्वेतून निवृत्त झालेले. दोघं रोज एकमेकांना शिव्या देतात. त्या दिवशी दिगंबररावांनी अण्णांचा हात दोन्ही हातांत धरला होता.

"अण्णा," ते म्हणाले, "मनात काही राहिलं असंल तर सांगा. मी हाय."

"मला काय झालंय?"

"काही न्हाई, काही न्हाई," असं म्हणत दिगंबरराव डोळे पुसत निघून गेले.

मग अण्णा मला म्हणाले, "सूनबाई, तुज्या त्या यादीचा एक कोरा कागद दी. आन पेन."

अठ्ठावीस वर्षं मी या माणसाला याद्यांचं महत्त्व सांगत होते. अठ्ठावीस वर्षं ते म्हणत होते, डोक्यात राहतंय की. मी कपाटातून आखीव कागद काढून दिला, वर समास पाडून दिला आणि टिकसाठी चौकट कुठे करायची तेही दाखवलं. स्वयंपाकघरात जाऊन यांना म्हटलं, "बघा, शेवटी वळण लागलं."

यांनी पोळी खाली ठेवली. "अण्णांनी यादी मागितली? स्वतःहून?"

"हो."

"त्यांना काही कळलंय का?"

"काय कळायचं?"

"तूच सांग."

"मी काय सांगू? गेल्या आठवड्यात त्यांचे हृदयाचे रिपोर्ट परभणीहून तुम्ही आणलेत. तुम्ही म्हणालात ठीक आहे."

"डॉक्टर म्हणाले ठीक आहे."

"तुम्ही वाचले का?"

"वाचले म्हणजे, बघितले. तुझ्याकडेच दिले ना फायलीत लावायला."

मी उठले. 'आरोग्य: अण्णा' ही निळी फाइल काढली. रक्तदाबाचे कागद होते, चष्म्याचा नंबर होता. रिपोर्ट नव्हता. माझ्या फायलीतून कागद नाहीसा होत नाही. होऊच शकत नाही. मी यांच्याकडे बघितलं, यांनी माझ्याकडे बघितलं. यांना वाटलं, रिपोर्टात काही वाईट आहे आणि मी लपवतेय. मला वाटलं, हे लपवतायत. आणि मग दोघंही एकमेकांशी इतक्या मायेनं बोलायला लागलो की मला घाम फुटला. हे म्हणाले, "तू दमली असशील, भांडी मी घासतो." एवढं ऐकल्यावर माझी खात्रीच झाली.

बुधवारी धुकं आणखी दाट. फाटक करकरायचं, एक मफलर आत यायचा, 'गुड मॉर्निंग मॅडम' म्हणून सतरंजीवर बसायचा. चेहरे नव्हतेच. मी हजेरी घेतली, अकराही नावं बरोबर. मग सवयीनं डोकी मोजली.

बारा भरली.

पुन्हा मोजली. बाराच. शेवटच्या ओळीत, भिंतीला टेकून, पांढऱ्या लुगड्यातली एक आकृती गुडघ्यांवर हनुवटी ठेवून बसली होती. माझ्या हातातला खडू मोडला.

"कोण आहे तिथे?"

"मीच हाय, मॅडम," लक्ष्मीबाईंचा आवाज आला. "तुमी चालू द्या तुमचं. मी नुसती बसते. एकटीनं कसं निभवाल?"

धड्याला सोबत करायला आलेली पहिली पालक म्हणून मला बरं वाटलं. (लक्ष्मीबाईंचं एकही मूल माझ्याकडे शिकत नाही, हे नंतर लक्षात आलं.) मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: भूतकाळ.

"मॅडम," पुढच्या ओळीतल्या वैष्णवीनं विचारलं, "भूतकाळ म्हंजे भुताचा काळ का?"

"नाही. भूत म्हणजे होऊन गेलेलं."

"मग भूत बी होऊनच गेलेलं असतंय की."

मी घाईनं मुलांना पाठ म्हणायला लावला आणि नवा खडू आणायला आत गेले.

अण्णांची बाज रिकामी होती. ते कधीच गेले होते, नेहमीपेक्षा लवकर. गोधडीची घडी घातलेली होती, जी ते कधी घालत नाहीत. उशीवर फोन. फोनखाली माझा आखीव कागद.

मी यादी वाचली. दिगंबररावाची तगारी परत द्यायची. टिक. बाहेरच्या नळाचा वायसर बदलायचा. टिक. लेकीला राणीसावरगावला फोन. टिक. सूनबाईच्या बापाला मी लग्नात बोललो होतो, ती चूक माझी, सूनबाईला सांगायचं. तिथेही टिक होती, आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं: इथंच सांगितलं.

मी खाली बसले. इतक्या वर्षांत मी शेकडो याद्या केल्या आहेत. सगळ्या कामांवर टिक झालेली यादी मी कधी पाहिलेली नाही. एखादं काम तरी राहतंच. माणूस त्या एका कामासाठी दुसऱ्या दिवशी उठतो. या कागदावर काहीच राहिलेलं नव्हतं.

हे अंघोळीला गेले होते. कोणाला न सांगता मी मागच्या दारानं, पायात एक माझी आणि एक यांची चप्पल घालून, स्टेशनच्या वाटेला धावत सुटले. वाट म्हणजे काय, हात लांब केला तर बोटं दिसत नव्हती. कुठूनतरी रुळांवर मालगाडी सरकत होती, नुसता आवाज. मी "अण्णा" म्हणून हाक मारली. माझाच आवाज ओला होऊन परत आला. अण्णा रोज जाता-येता टेकतात त्या पुलाच्या कठड्याजवळ मी दम घ्यायला थांबले.

आणि तेव्हा ते ऐकू आलं.

कोणत्या दिशेनं ते कळत नव्हतं. वरून येत होतं, मागून येत होतं. लहान मुलांचे आवाज, पण हसणं नाही, खेळणं नाही. एका लयीत, सावकाश, जणू ती सगळी बघून सांगत होती:

"आजोबा गेले. आजोबा गेले. आजोबा गेले."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मी कठड्यावर बसले आणि मोठ्यानं रडू लागले. मला आठवलं, माझ्या वडिलांबद्दलची ती गोष्ट मी अण्णांना कधीच माफ केली नव्हती, आणि ते मला तोंडानं नाही, कागदावर सांगून गेले होते. मी तोंडानं उत्तर द्यायचं राहिलं. आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला. मग त्यातला एक आवाज चिडून म्हणाला, "ए, मॅडमनी वेंट सांगितलंय, गोएड न्हाई!"

मी रडायची थांबले. स्वतः तयार केलेला धडा ओळखायला मला एवढा वेळ लागला होता.

"सूनबाई," अगदी जवळून, धुक्याच्या आतून कोणीतरी विचारलं. "कोण गेलं गं?"

कठड्याच्या दुसऱ्या टोकाला, पांढरं धोतर, पांढरी शाल, माकडटोपी. अण्णा बसले होते. किती वेळचे, कोण जाणे.

"अण्णा," मी म्हटलं, "तुम्ही."

त्यांनी मान हलवली. "वाटलंच. तीन दिस झाले ऐकायलोय. कवा गेलो?"

"कुठेही गेला नाहीत. तो मुलांचा पाठ आहे."

"पाठ असंल. पण खबर खरी हाय." त्यांनी बंडीच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. परभणीचा रिपोर्ट. "तुज्या फायलीतून घेतला. रागवू नको. म्हणलं, आपलं आपण वाचावं. तू पोरांना शिकवलंस, मी बी शिकलो." त्यांनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "पेशंट वॉज."

"अण्णा, पुढे वाचा. पेशंट वॉज स्टेबल."

"पुढचं मला येत न्हाई. वॉज येतंय. वॉज म्हंजे होता, आता न्हाई. तूच म्हणलीस." बोट खाली सरकलं. "पल्स वॉज. आन हितं हार्ट, त्याला तर वेअर लिवलंय. म्हंजे नुसतं हार्ट न्हाई, त्याच्यासंगं आणिक बरेच गेलेत."

"हार्ट साउंड्स वेअर नॉर्मल," मी वाचलं. "हृदयाचे ठोके चांगले होते."

"होते की."

"अण्णा, डॉक्टरांनी तपासलं तो दिवस गेला, म्हणून होते. ठोके गेले नाहीत."

"मग तू आता न्हाई असं कामून शिकवलंस?"

अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत कोणत्याही साहेबानं मला इतका सरळ प्रश्न विचारला नव्हता. मी म्हटलं, "चुकीचं शिकवलं."

"मग नीट सांग."

तिथे कठड्यावर बसून, एका पायात यांची चप्पल, मी आयुष्यातला सगळ्यात अवघड तास घेतला. "तुम्ही पॉइंट्समन होतात. आता नाही. तिथे वॉज खरा. पण तुम्ही काल या कठड्यावर बसला होतात. तोही वॉजच. आणि आज?"

"आजबी बसलोय."

"मग?"

अण्णांनी विचार केला. "म्हंजे वॉज असून बी इज असतंय."

"असतं."

"आदीच सांगायचं न्हाई का गं माय. दोन दिस निसती खिचडी खाल्ली." ते काठी टेकून उठले. थोडं चालल्यावर, माझ्याकडे न बघता म्हणाले, "कागद वाचलास का?"

"वाचला."

"मग?"

"माफ," मी म्हटलं.

गल्लीच्या तोंडाशी आलो आणि मी थबकले. आमच्या फाटकासमोर धुक्यात पंचवीस-तीस माणसं उभी होती. खांद्यांवर पंचे, डोक्यांवर टोप्या, कोणी हलत नव्हतं, कोणी बोलत नव्हतं. दिगंबररावांच्या खांद्यावर दोन हिरवे बांबू होते. कोणाच्या तरी हातात नवं मडकं होतं. आत भिंतीआड माझा वर्ग प्रामाणिकपणे चालूच होता: "आजोबा गेले. आजोबा गेले." आणि प्रत्येक वेळी बाहेरची माणसं मान खाली घालत होती.

तेवढ्यात पांढऱ्या धुक्यातून पांढरे अण्णा त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले आणि मडकंवाल्याच्या खांद्यावरून डोकावून म्हणाले, "जरा सरका की, मला जाऊ द्या."

मडकं फुटलं. एक बांबू गटारात गेला, दुसरा दिगंबररावांनी दोन्ही हातांनी समोर आडवा धरला, भाल्यासारखा. कोणी रामनाम घेतलं, कोणी नुसतंच पळालं. लक्ष्मीबाई फाटकात आल्या, अण्णांना बघितलं आणि जिथे होत्या तिथेच बसल्या. अंघोळ करून नुकतेच बाहेर आलेले आमचे हे टॉवेलवरच उभे होते आणि त्यांना एकाच वेळी वडील गेल्याचं आणि आल्याचं कळत होतं.

"अण्णा," दिगंबरराव लांबूनच म्हणाले, "तुमी हाव का?"

"इज," अण्णा म्हणाले आणि आत गेले.

मी फाटकाजवळ उभी राहून सगळ्यांना भविष्यकाळ, चालू वर्तमानकाळ आणि भूतकाळ क्रमानं समजावून सांगितला. अकराच्या बसनं राणीसावरगावहून नणंद रडत उतरली, तेव्हा तिला पुन्हा एकदा सांगितला. दुपारपर्यंत गल्लीतल्या प्रत्येक मोठ्या माणसाचे तिन्ही काळ पक्के झाले होते. दिगंबररावांनी बांबू वेलाला लावले आणि संध्याकाळी अण्णांना दोन शिव्या दिल्या. गल्लीतलं गाणं पुन्हा सुरू झालं.

पुढच्या सोमवारी मी यादीत एक नियम घातला: उदाहरणात घरातलं म्हातारं माणूस घ्यायचं नाही. मग कोणाला घ्यायचं? मी धोका स्वतःवर घेतला. मॅडम विल गो. मॅडम इज गोइंग. मॅडम वेंट. तिन्ही दिवस मी कान उघडे ठेवून बसले. खिचडी आली नाही. पाठीवर हात फिरला नाही. गिरणीवाल्यानं गाण्याचा आवाज वाढवला. फक्त वर्गात एक चमत्कार झाला. जी मुलं कधी एक वाक्य धड म्हणत नव्हती, त्या अकराही जणांनी "मॅडम गेल्या" हे इंग्रजीत आणि मराठीत, पूर्ण आवाजात, एकही चूक न करता म्हटलं, आणि मी थांबा म्हटल्यावर वैष्णवी म्हणाली, "मॅडम, अजून एकदा म्हणू द्या ना."